स्वातंत्र्य कसे उपभोगावे: काही घरगुती सूचना

परवा आमच्या गल्लीत एका भावी नगरसेवकांचा वाढदिवस झाला. रात्री साडेदहाला सुरू झालेली डीजेची भिंत साडेबाराला थांबली, तीही जनरेटरमधलं डिझेल संपलं म्हणून. त्या दोन तासांत व्यक्तिस्वातंत्र्याविषयी मला जे ज्ञान झालं, ते तुमच्या पदरात घालतो.

राज्यघटना जरूर वाचा, पण बेताने. कलम 19 उघडायचं, अभिव्यक्तिस्वातंत्र्यापर्यंत यायचं आणि पुस्तक मिटायचं. खाली 'वाजवी निर्बंध' वगैरे रटाळ मजकूर आहे. पुढचं कलम 21, जगण्याचं, ते शेजारच्यांनी वाचावं.

गाडी दारातच लावावी. दुसऱ्याच्या.

कुत्रा फिरवायला न्यावा, पिशवी नेऊ नये.

आता मुख्य विद्या, आवाजाची. निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा 45 डेसिबलची. नियम 2000 सालचे, म्हणजे रौप्यमहोत्सवही होऊन गेला. ते अजून गल्लीत पोचले नाहीत, तुम्ही तरी कशाला घाई करता? रुग्णालयाभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. तिथल्या पाटीवर भाऊंचा फ्लेक्स छान बसतो. लाउडस्पीकरने आवाज वाढवायचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, बोलणाऱ्याला बोलायचा तसा दुसऱ्याला न ऐकायचाही हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच म्हटलंय. म्हणू द्या. ऐकू कोणाला येतंय? कुणी तक्रारीला आलंच तर 'वर्षातून एकदाच तर असतं' म्हणावं. गल्लीत एकूण भाऊ किती, हे मोजू नये. कुणी 112 लावला तरी घाबरू नका. गाडी येते, आवाज उतरतो. गाडी वळते, आवाज चढतो. आमच्याकडे दोनदा वळली. दुसऱ्यांदा तर स्वागताला खास गाणं लावलं होतं, खिडकीच्या काचा तालात थरथरत होत्या आणि आतल्या खोलीत...

आतल्या खोलीत माझे वडील होते. बायपास होऊन घरी आल्याचा पाचवा दिवस. खोकताना छातीशी धरायला दिलेली उशी ते बेसच्या प्रत्येक ठोक्याला आवळून धरत होते. मी खाली गेलो, हात जोडले. वीस-बावीसचा एक पोरगा म्हणाला, "काका, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

नाही रे बाबा, रस्ता माझ्या बापाचा नाही. तुझ्याही नाही. माझा बाप वर होता, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याला झोपायचं होतं, एवढंच सांगायला आलो होतो. तुला नाचायचं तर नाच की, पण माझ्या घरात घुसून कशाला? भिंतीतून आलास म्हणून ते घुसणं नाही होय?

आणि सोसायटीतल्या शहाण्यांनो, तुम्हीही गप्प बसा. अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत आपले. खाली मी एकटा उतरलो. सकाळी ग्रुपवर मात्र सगळ्यांची झोप मोडली होती म्हणे! पडदे बाजूला करून बघत होतात, खालून दिसत होतं मला.