उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

ऊन तापायला लागलं की एक मेसेज हमखास फिरतो: "उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतात. उन्हाळ्यात सांगितल्यापेक्षा चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक) हवा कमीच ठेवा. लांबच्या प्रवासात थांबून वाढलेली हवा सोडा. शक्यतो नायट्रोजन भरा, तो तापला तरी दाब वाढत नाही."

पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच बाकीचं खपून जातं.

हवा तापते, दाब वाढतो, पण किती? 25 अंशांना 33 पीएसआय भरलेला टायर 45 अंशांना साधारण 36 दाखवेल. दर सहा अंशांमागे एक पीएसआय, असा ढोबळ हिशेब. गाडी पळाल्यावर टायर स्वतः तापतो, तेव्हा आणखी चार-पाच. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ धरलेलीच असते. दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीनेक तास उभी असतानाचा. हिवाळ्यात भरलेली हवा उन्हाळ्यात सकाळी, टायर गार असताना मोजल्यावर जास्त दिसली तर ती स्टिकरच्या आकड्यावर जरूर आणा. त्याच्या खाली मात्र नाही.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते कशाने? बऱ्याचदा कमी हवेनेच. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेरीला टायरची बाजू जास्त दबते, वाकते, पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. वेग जास्त, सामान भरलेलं, रस्ता तापलेला, म्हणजे ही उष्णता बाहेर पडायला वावच नाही. रबर आणि आतले थर एकमेकांना सोडू लागतात आणि एका क्षणी टायर फाटतो. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररचे होते आणि त्या गाडीसाठी फोर्डने सांगितलेला दाब होता 26. फायरस्टोनचं म्हणणं होतं, 30 हवा. टायरच्या बनावटीतही दोष निघाले, पण कमी दाब आणि उष्णता ही जोडी त्या चर्चेत सतत होती. टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा गाडीनेच द्यावा, हा तिथला कायदा या प्रकरणातूनच आला.

थांबून हवा सोडण्याचा सल्ला तर मला सगळ्यात घातक वाटतो. तापलेल्या टायरमध्ये 38 दिसले, तुम्ही 33 केले, मनाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये उरतात जेमतेम 28 किंवा 29. आणि हवा कमी झाल्याचा इशारा देणारा डॅशबोर्डवरचा दिवा? अमेरिकेच्या नियमात तो दाब 25 टक्क्यांनी उतरल्यावर लागणं बंधनकारक आहे, म्हणजे 33 च्या टायरला 25 च्या आसपास. 28 वर तो गप्पच राहू शकतो.

राहिला नायट्रोजन. आपण भरतो त्या साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून थोडा सावकाश झिरपतो, एवढा फायदा आहे. पण तापमान वाढलं की 33 चे 36 त्याचेही होतात.