रियाज लागतो, सोल्डरिंगपण लागतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर गणपती जवळ आले की डॉल्बी की ढोल-ताशा हे भांडण ठरलेलं. यंदा भाच्याने मध्येच एक व्हिडिओ टाकला, एक बाई हातात तारा लोंबणारा ग्लोव्ह घालून बोटं हलवतेय आणि स्पीकरमधून चित्रविचित्र आवाज येतायत. दादाचा निकाल लगेच आला, "याला रियाज लागत नाही, ही सर्कस आहे." चार जणांनी अंगठे दिले आणि गाडी परत डेसिबलवर.

मी नेदरलँड्समध्ये राहते त्यामुळे मला राहवलं नाही. ती बाई म्हणजे लेटिशिया सोनामी, स्वतःची इलेक्ट्रॉनिक वाद्यं करून वाजवणारी संगीतकार. 1991 मध्ये तिने पहिला ग्लोव्ह केला तो किचनमधल्या रबरी ग्लोव्हवर सेन्सर आणि लोहचुंबक लावून, आणि पुढच्या ग्लोव्हचे सिग्नल वाचायला जो सेन्सरलॅब नावाचा डबा वापरला तो अॅमस्टरडॅमच्या स्टाइमचा. स्टाइम म्हणजे 1969 मध्ये इथल्या काही संगीतकारांनी काढलेलं वर्कशॉप, जिथे वाजवणारा आणि सर्किट करणारा एकाच टेबलाला बसायचे. कलाकाराने यायचं, मला असं असं वाद्य हवंय म्हणायचं आणि मग दोघांनी मिळून डोकं फोडायचं.

1981 पासून ते चालवणारा मिशेल वाइसविस हा माणूस दादाला नक्की आवडला असता. 1984 मध्ये त्याने 'द हँड्स' केलं, दोन्ही हातांना बांधायच्या फ्रेम, बोटांखाली बटणं, हात तिरका केला की कळणारे सेन्सर आणि दोन हातांमधलं अंतर अल्ट्रासाउंडने मोजायची सोय. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी बोलायची भाषा, म्हणजे मिडी स्टँडर्ड, येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं! पण मला भारी वाटतं ते पुढचं. इलेक्ट्रॉनिक वाद्यात रोज काहीतरी बदलता येतं, आज नवा सेन्सर, उद्या नवा कोड, आणि वाजवायचं राहूनच जातं. तर या माणसाने ठरवलं की आता बदल बंद, आहे तेच वाद्य हाताला बसेपर्यंत वाजवायचं. याला आपल्याकडे काय म्हणतात ते दादाला सांगायची गरज नसावी.

त्याचाच क्रॅकलबॉक्स मी इथे एकाकडे वाजवून बघितला. छोटा लाकडी डबा, वर धातूच्या 6 पट्ट्या, आत एक साधी चिप, 9 व्होल्टची बॅटरी आणि स्पीकर. पट्ट्यांवर बोटं ठेवली की करंट आपल्या कातडीतून फिरतो, म्हणजे सर्किटचा एक तुकडा आपणच. बोट जरा दाबलं तर किंकाळी, सैल सोडलं तर गुरगुर, आणि हाताला घाम आला की सगळा हिशोब बदलतो. सूर वगैरे काही नाही, पहिले दहा मिनिटं तर निव्वळ त्रास (शेजाऱ्यांना जास्त). पण नंतर हात आपोआप ऐकायला लागतो.

आता आपल्याकडे या. आपले वाद सगळे आवाजावर, किती मोठा, अस्सल की नकली. हार्मोनियमवर आकाशवाणीने 1940 मध्ये बंदी घातली तेव्हाही कारण स्वरांचंच होतं, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून. ते चूक नव्हतंच. पण त्यावर खरं उत्तर दिलं ते डॉ. विद्याधर ओक यांच्यासारख्यांनी, वाद्य उघडून 22 श्रुतींची (सप्तकातल्या नेहमीच्या 12 स्वरांपेक्षा बारीक जागांची) हार्मोनियम करून. आणि आपल्या मुंबईच्या गणपतीतला बेंजो? तो मुळात 1912 मध्ये जपानमधल्या नागोयात निघालेला ताइशोगोतो, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. आपल्या पोरांनी त्याला पिकअप (तारांचा आवाज पकडून विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) लावला, अॅम्प्लिफायरला जोडला, बाजूला ऑक्टोपॅड ठेवला आणि मिरवणुकीचं वाद्य करून टाकलं. युरोपात कोणी केलं असतं तर त्यावर सेमिनार झाले असते, आपल्याकडे त्याला "पार्टी" म्हणतात आणि पैशासाठी दोन वाजेपर्यंत ताटकळत ठेवतात.

माझा मुद्दा एवढाच की आपल्याकडे कमी आहे ती हुशारी नाही, बसायची जागा. 1969 मध्येच, म्हणजे स्टाइमच्याच वर्षी, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं यंत्र) बसवून दिला होता, आपल्या लोकांनी त्यावर कामही केलं, पण स्टुडिओ काही वर्षांत थंडावला आणि टेप कपाटात गेल्या. पण इकडचं तरी फार कौतुक नको. 2011 मध्ये इथल्या सरकारने संस्कृतीच्या बजेटमधून साधारण 20 कोटी युरो कापायचं ठरवलं, तेव्हा इथलेही लोक अगदी दादासारखंच बोलत होते, ज्यांना ऐकायचंय त्यांनी पैसे द्यावेत म्हणे. स्टाइमचं अनुदान त्याआधीपासूनच डळमळीत होतं, शेवटी 2020 मध्ये बंद पडलं. पन्नास वर्षं चाललेली गोष्ट.

दादा आता विचारेल पैसे कोण देणार. बरोबर प्रश्न आहे. सरकारकडे नको बघू, आपल्याच मंडळाकडे बघ ना, तू खजिनदार आहेस. एका वर्षी एका रात्रीची स्पीकरची भिंत भाड्याने आणू नका, तेवढे पैसे आपल्या बेंजोवाल्याला द्या, सोबत पॉलिटेक्निकचा एखादा पोरगा द्या, आणि सांगा की तुझ्या हाताला हवा तसा पॅड पुढच्या गणपतीपर्यंत बनवून घे. नाही जमला तर ढोल आहेतच.