काय दिसतंय, काका?

"काय दिसतंय, काका?"

"काळं."

"पूर्ण काळं, की काळ्यावर पांढरी अक्षरं?"

"काळं म्हणजे काळं. तुझी आत्या म्हणते, जरा करडं आहे."

मी पुण्यात, काका चिपळुणात आणि आमच्या दोघांच्या मधे २०१२ सालचा एक लॅपटॉप. मे महिन्यातली दुपार. विंडोज १०ला अपडेट मिळायची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, हे काकांना सात महिन्यांनी कुणीतरी कट्ट्यावर सांगितलं होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकांचा निघाला तिसऱ्या पिढीतला. सोयरीक तिथेच मोडली.

"मला बँकेनं साठाव्या वर्षी घरी बसवलं," काका म्हणाले, "म्हणून काय मला बेरीज येईनाशी झाली?"

या वाक्यावर मी विरघळलो आणि म्हणून गेलो, "लिनक्स टाकू या की!" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती दोन जीबी रॅमवर चालते, चार असली तर उत्तम. काकांकडे नेमकी चार. पेनड्राइव्हवर ती भरून एका मुंजीत काकांच्या हातात दिला. त्यांनी तो आहेराच्या पाकिटासारखा न बघता खिशात टाकला.

सुरू करण्याआधी शहाण्या माणसासारखं विचारलं, "बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलाय की. डेस्कटॉपवरच ठेवलाय."

म्हणजे घराला आग लागली तर दागिने वाचावेत म्हणून ते त्याच घराच्या माळ्यावर! मग सोसायटीचे हिशोब, नातवाचे फोटो आणि 'नवीन फोल्डर (१४)' हे सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर चढवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. चौदापैकी अकरा फोल्डर रिकामे होते. तरी ते घेतले. काका म्हणाले, "राहू देत, कधी लागले तर."

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायचा तर चालू होताना एफ ट्वेल्व दाबावं लागतं, तेही कंपनीचं चित्र दिसतं तेवढ्या दोन सेकंदांत. काका बटण एकदाच दाबायचे. परक्याच्या दारावरची बेल दाबावी तसं, हलक्या हातानं, आणि मग वाट बघायची. "काका, सारखं दाबत राहा, टकटकटकटक!" "अरे, पण असं बरं दिसतं का?" सातव्या वेळी मेनू आला. त्यातही पहिली ओळ निवडली की पडदा काळा. 'कंपॅटिबिलिटी मोड'ची ओळ निवडा म्हटलं, तर "ती दुसरी आहे रे," असं म्हणून काका पुन्हा पहिलीवरच. रांगेची शिस्त मोडायला बँकेचा माणूस सहजासहजी तयार होत नाही.

इन्स्टॉल मात्र सुरळीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर वर दिलेला संवाद झाला. काळं.

जुन्या ग्राफिक्स कार्डाचं हे दुखणं मला माहीत होतं. मशीन चालू होतानाच्या मेनूत 'ई' दाबायचं, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ टेन.

"काय लिहू? नमोऽस्तुते?"

"नोमोडसेट, काका. एन, ओ, एम मुंबईचा..."

"मुंबई कुठं आली यात?"

अर्ध्या तासानं पडदा उजळला. पण ती ओळ कायमची करायला टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड द्यावा लागतो आणि तो टाइप करताना पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटतात. ए नाही, बी नाही. "कीबोर्ड गेला!" काका ओरडले आणि एकेक कळ पोस्टाच्या शिक्क्यासारखी ठोकायला लागले. मला ते इथं पुण्यात ऐकू येत होतं.

मग वायफाय. वायफायची चिप चालायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम हवा, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट वायफायवर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. उपाय एकच, फोन केबलनं लॅपटॉपला जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं. पण फोनवर तर मी! शेवटी काका कानाला फोन, फोनाला केबल, केबलीला लॅपटॉप अशा अवस्थेत मान वाकडी करून वीस मिनिटं बसले. आत्यानं तेवढ्यात स्वतःच्या फोनवरून फोटो पाठवला. ईसीजी काढायला बसवल्यासारखे दिसत होते.

वायफाय लागलं. मी कपाळाचा घाम पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन.

"अरे, हा म्हणतोय १ जानेवारी २०१२. आणि एफ वन दाबा म्हणतोय."

मोठी बॅटरी केव्हाच गेलेली, रात्री वीज गेली आणि आतला छोटा सेलही मेलेला, त्यामुळे लॅपटॉपला काळाचं भानच उरलेलं नव्हतं. सीआर २०३२, रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो, रॅमच्या झाकणाखाली खोबणीत बसतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल, असं सांगून मी पुन्हा झोपलो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. चक्क त्याच लॅपटॉपवरून. काका ताठ बसलेले, तारीख बरोबर, वेळ बरोबर.

"बाजारात गेलाच नाही मी. घरातच मिळाला सेल. अगदी हाच नंबर."

"कशात होता?"

काकांनी उत्तर दिलं नाही. मागे आत्या वाटीतला आमरस पुरीनं निपटत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर तपासायचं मशीन बंद पडलंय रे सकाळपासून. आता आकडाच दिसत नाही म्हटल्यावर..." आणि तिनं दुसरी वाटी पुढे ओढली.