मी लिहिलेली खर्चाची वही

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितोच. मी तालुक्याच्या गावी अकाउंटचं काम करतो, छोट्या दुकानदारांचं जीएसटी, रिटर्न, दोन पतसंस्थांची पुस्तकं वगैरे. २०१९ च्या विधानसभेला एका उमेदवाराच्या निवडणूक खर्चाची वही मी लिहिली होती. माणूस कोण, पक्ष कुठला ते सांगणार नाही. एक तर समोरच्याची वही पण तशीच होती, ती लिहिणारा माझ्याच ओळखीतला. आणि दुसरं म्हणजे नाव आलं की सगळे नावावरून भांडत बसतात, वही बाजूलाच राहते.

ज्यांनी ही वही कधी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्ज भरला की उमेदवाराला एक रजिस्टर मिळतं. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. इलेक्शनसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं. सोबत जिल्ह्याचं दरपत्रक असतं, चहाचा कप कितीला धरायचा, वडापाव कितीला, खुर्ची, मंडप, स्पीकर, जीपचं दिवसाचं भाडं, सगळ्याचे रेट ठरलेले. प्रचार चालू असताना तीन वेळा वही तपासायला न्यायची. तिकडे सरकारी टीम स्वतःची वेगळी वही ठेवते, शॅडो रजिस्टर म्हणतात त्याला, सभेचं व्हिडिओ शूटिंग करून त्यावरून खुर्च्या मोजतात आणि आपल्या वहीशी ताळा लावतात. आपण ३०० लिहिल्या आणि त्यांना ४५० दिसल्या की नोटीस. ही माणसं मनापासून काम करतात हे मी स्वतः बघितलंय, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसलेले असायचे. पण त्यांना मोजता येतं ते मंडपातलं. शेवटच्या दोन रात्रीत जे होतं ते कुठल्याच रंगाच्या पानावर येत नाही.

१९ ऑक्टोबरला संध्याकाळी प्रचार थांबला. मी बंगल्याच्या पुढच्या खोलीत व्हाउचर लावत बसलो होतो आणि मागच्या खोलीत मतदार याद्या फोडून वाटपाचं काम चालू होतं, कुठली गल्ली, कुठल्या घरात किती मतं, मतामागे काय रेट, कोणाच्या हातून द्यायचं. सगळं इतक्या शांतपणे चाललं होतं जसं लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवत भरतात. एक पोरगं आलं, म्हणालं भाऊ, रबरबँड संपले, एक पाकीट द्या ना. मी ड्रॉवरमधून काढून दिलं. मला माहिती होतं कशाला पाहिजेत ते. मी दिलं.

विधानसभेला तेव्हा खर्चाची मर्यादा २८ लाख होती. आमची वही साडेसोळा लाखांवर बंद झाली. एक आकडा चुकीचा बेरजेत धरला नव्हता, प्रत्येक बिल जागेवर, आणि तरी ती अख्खी वही खोटी होती. निकालानंतर तीस दिवसांच्या आत ती प्रतिज्ञापत्रासकट जमा करावी लागते, आम्ही मुदतीच्या चार दिवस आधीच केली. माझं म्हणणं एवढंच आहे की निवडून आलेला माणूस सरकारकडे जो पहिला हिशेब देतो तोच खोटा असतो, ते देणाऱ्याला, घेणाऱ्याला, विरोधकाला, पत्रकाराला, चहाच्या टपरीवर बसणाऱ्याला सगळ्यांना माहिती असतं, आणि मग पुढची पाच वर्षं आपण त्याच माणसाकडून रस्त्याचा आणि पाण्याच्या टाकीचा खरा हिशेब मागत बसतो. तो कसा देईल?

हे मोठ्या नेत्याच्या तोंडूनही एकदा आलेलं आहे. जून २०१३ मध्ये मुंबईत एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे बोलून गेले की १९८० ची पहिली निवडणूक त्यांनी २९ हजारांत लढवली आणि २००९ च्या लोकसभेला ८ कोटी लागले. तेव्हा मर्यादा होती २५ लाख आणि त्यांनी दाखवलेला खर्च होता १९ लाखांच्या आसपास. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, चार दिवस गदारोळ झाला. मला त्या वेळी सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगू, आमच्याकडे लोक म्हणत होते साहेब उगाच बोलले. खर्च का केला असं कोणी म्हणत नव्हतं, बोलले का असं म्हणत होते.

त्याच २००९ सालचं भोकर विधानसभेचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. अशोक चव्हाणांवर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन बातमीसारखी जाहिरात छापून आणल्याचा, आरोप झाला, 'अशोकपर्व' नावाने पानंच्या पानं छापून आली, काही मजकूर तर वेगवेगळ्या पेपरात शब्दाला शब्द तोच. आणि खर्चाच्या हिशेबात पेपरच्या जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये. २०१४ मध्ये आयोगाने हिशेब बरोबर नाही असा आदेश काढून कारवाई सुरू केली, दिल्ली हायकोर्टाने त्याच वर्षी तो आदेश रद्द केला, म्हणजे कायद्याने ते सुटले आणि ते मी मान्य करतो. पण तेवढी पानं एवढ्याशा पैशात येतात यावर पेपरच्या ऑफिसमधला शिपाई तरी विश्वास ठेवेल का? कारवाई होतच नाही असं नाही. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च लपवला म्हणून २०११ मध्ये आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र केलं. पण तो निकाल २००७ च्या निवडणुकीचा, चार वर्षं तोपर्यंत होऊनही गेली होती.

आणि भोक तर कायद्यातच आहे. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. महिनाभर सुद्धा थांबले नाहीत, अध्यादेश काढून कायदाच बदलला. पुढे २००३ मध्ये तो थोडा आवळला, पण आजही पक्षाने एकूण किती उधळावेत याला मर्यादाच नाही. उमेदवाराला विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, आणि पक्षाला मैदान मोकळं.

मग हा पैसा येतो कुठून, आणि देणारा फुकट देतो का? वयस्कर लोकांना सिमेंट प्रकरण आठवत असेल. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, साध्या माणसाला घराच्या स्लॅबसाठी दहा-वीस पोत्यांकरता महिनोन्महिने खेटे घालावे लागायचे. आणि मुख्यमंत्री अंतुल्यांच्या ट्रस्टना देणग्या देणाऱ्या बिल्डरांना मात्र कोटा मिळत होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध निकालात लिहून टाकला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला, शिक्षा काही झाली नाही. पण एक लक्षात घ्या, तेव्हा निदान देणगीच्या पावत्या होत्या, चेक होते, म्हणून हे कोर्टासमोर मांडता तरी आलं.

त्याच्याही पंचवीस वर्षं आधी, १९५७ मध्ये, याच हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागलांसमोर टाटा स्टीलचं प्रकरण आलं होतं, कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून. कायदा आडवा येत नव्हता म्हणून त्यांनी परवानगी दिली, पण सोबत बजावून ठेवलं की हा धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचा गळा आवळेल. १९५७ मध्ये! आमच्या तालुक्यात तेव्हा वीज सुद्धा आली नव्हती.

आणि मग आले इलेक्टोरल बॉन्ड, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे रोखे. २०१७ च्या बजेटमध्ये घोषणा, मार्च २०१८ पासून स्टेट बँकेत विक्री. कोणी कोणाला दिले ते मतदाराला कळणार नाही अशी सोयच केलेली. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, ती अट पण काढून टाकली, म्हणजे तोट्यातली कंपनी सुद्धा देऊ शकते. अकाउंटवाला म्हणून सांगतो, तोट्यातली कंपनी पैसे देतेय म्हटलं की पहिला प्रश्न असतो, मग हे पैसे आहेत कोणाचे? १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने ही योजनाच घटनाबाह्य ठरवली, मतदाराला हे माहिती असण्याचा हक्क आहे म्हणून. बॉन्डची माहिती द्यायला बँक म्हणाली ३० जूनपर्यंत मुदत द्या, तोवर लोकसभा होऊन गेली असती. कोर्टाने एक दिवस दिला. आणि सगळी माहिती आली, १६ हजार ५०० कोटींच्या वर बॉन्ड विकले गेले होते. सगळ्यात मोठा वाटा भाजपला, पण तृणमूल, काँग्रेस, तेलंगणातली बीआरएस सगळ्यांनी घेतले. सगळ्यात जास्त बॉन्ड विकत घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली, १,३६८ कोटी, आणि तिच्यावर ईडीची कारवाई चालू होती. दोन नंबरला मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी, ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम त्यांच्याकडे आहे. बॉन्डमुळेच काम मिळालं असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण सिद्ध होणार कसं, चौकशीची मागणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच फेटाळली. अंतुल्यांच्या वेळी आपण एका मुख्यमंत्र्याचं नाव घेऊन बोलू शकत होतो, आता जवळपास सगळे मोठे पक्ष एका यादीत आणि बोलायला कोणीच नाही.

यावर हमखास एक जण म्हणतो, अहो पण लोकच पैसे घेतात ना. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या दादा, पाच वर्षांत एवढंच हातात पडतं, गटार तर कोणीच बांधत नाही. ज्यांना बाकी काहीच मिळणार नाही याची खात्री झालीय त्यांच्यावर लोकशाही बुडवल्याचा ठपका कसा ठेवायचा? ज्यांच्याकडे काहीतरी आहे त्यांनी काय केलं ते उमराण्यात बघा. कांद्याच्या मार्केटचं गाव, देवळा तालुका. तिथे सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाख, मंदिराच्या कामासाठी म्हणून. नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाख. १५ जानेवारी २०२१ ला मतदान होतं, त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. चांगलं केलं. पण मंदिराला दिलेले दोन कोटी पाच वर्षांत कुठून वसूल होणार होते हा प्रश्न बोलीला जमलेल्या गर्दीत कोणाच्या मनात आला नसेल?

राजकीय पक्षांना माहिती अधिकारात आणलंच पाहिजे. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांबद्दल तसा आदेश दिलाय, एकानेही पाळला नाही, आणि याबाबतीत सगळ्यांचं अगदी एकमत आहे. ते कधी होईल माहिती नाही. पण एक गोष्ट आजही करता येते आणि आपल्यातले फार थोडे करतात. आपल्या आमदाराची, खासदाराची खर्चाची वही जिल्हा निवडणूक कार्यालयातून कोणालाही मिळते, पानाला एक रुपया. आपल्या गावातली सभा आठवा, गाड्या आठवा, फटाके आठवा, आणि त्या तारखेच्या पानावर काय लिहिलंय बघा.

२०२४ ला मला परत बोलावलं होतं. मी नाही म्हणालो, घरात यावरून बरंच झालं, कामं तुटली, दोन गिऱ्हाईकं गेली. पण हे नाही म्हणायचं बळ मला मुळात कधी आलं ते सांगतो. २०१९ चं इलेक्शन झाल्यावर काही महिन्यांनी मी माझ्याच वहीची नक्कल काढून आणली होती, कशासाठी ते तेव्हा माझं मलाही कळलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर घेऊन बसलो. १९ ऑक्टोबरचं पान. माझं अक्षर. चहा २०० कप, वडापाव १५० नग, खुर्च्या, स्पीकर, जीप दोन. आणि सगळ्यात खाली, स्टेशनरी, रबरबँड एक पाकीट, ४० रुपये.