पोर्ट बदलल्याने फरक पडलाय, ताई

नमस्कार ताई,

थंडरबर्ड या मेल वाचायच्या-पाठवायच्या प्रोग्रामवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘लेखात सांगितल्याप्रमाणे थंडरबर्डमध्ये पोर्ट २५ चा ५८७ केला, काहीही फरक नाही. आधी टाइम आउट यायचं, आता पासवर्ड चुकीचा म्हणतंय. जीमेलवर मेल येतात, जात मात्र नाहीत. वैतागून खातं काढून परत जोडलं, तर जुने मेलही गायब. नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस अडकलीय. अर्धवट माहिती कशाला देता?’

तुमचा राग रास्त आहे. लेख पोर्टपाशीच, म्हणजे मेल ज्या नंबरच्या दारातून बाहेर जातो तिथेच थांबवला, ही माझी चूक. पण आधी नोटीस. सभेआधी पूर्ण १४ दिवस द्यावे लागतात, तेव्हा ती आजच ब्राउझरमधून पाठवून टाका. बाकीचं निवांत करू.

फरक पडला नाही, हे मात्र मला पटत नाही. तुम्हाला आलेले दोन निरोप वेगळे आहेत. टाइम आउट म्हणजे मेल सर्व्हरपर्यंत, म्हणजे मेल पुढे धाडणाऱ्या गूगलच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलाच नाही. स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या २५ नंबरचा पोर्ट बंद ठेवतात. पासवर्ड चुकीचा, म्हणजे सर्व्हरने दार उघडलं, कोण म्हणून विचारलं आणि ओळख पटली नाही. त्या चौकटीत ५३५ आकडा, म्हणजे ओळख नाकारल्याची खूण दिसते का, बघा. दिसला तर आता अडचण फक्त ओळखीची उरलीय.

पासवर्ड बरोबर असूनही असं होतं, कारण ३० मे २०२२ पासून गूगलने अशा प्रोग्रामांकडून नुसता पासवर्ड घेणं बंद करायला सुरुवात केली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग्ज वेगवेगळी असतात. येणाऱ्याला ‘ओऑथ२’ (गूगलच्याच खिडकीत लॉगिन करून ओळख पटवायची पद्धत) लागलेलं असतं, जाणाऱ्याला जुनं ‘नॉर्मल पासवर्ड’ तसंच राहतं. खातं काढून जोडलं तरी ही जुनी नोंद बरेचदा जात नाही. ठाण्यात ओळखीपाळखीच्यांचे कॉम्प्युटर बघताना मला हेच सगळ्यात जास्त सापडतं. अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडच्या यादीत खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ आहे. तिथे एडिट करून ५८७ सोबत ‘स्टार्टटीएलएस’ (वाटेत मेल कुणी वाचू नये म्हणूनची सोय) आणि ऑथेंटिकेशनला ‘ओऑथ२’ निवडा. मेल पाठवायला गेलात की गूगलची लॉगिनची खिडकी उघडेल. पोर्ट ४६५ ठेवलात तर मात्र ‘एसएसएल/टीएलएस’ हवं. ही जोडी चुकली की परत अडतं.

सभेसाठी स्कॅन केलेला ताळेबंद जोडणार असाल तर अजून एक. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून मर्यादेजवळची मोठी फाइल अडू शकते. स्कॅन कृष्णधवल करा, किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

आता जुने मेल. मला याचंच जास्त वाईट वाटलं. तुमचं खातं पॉप, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं असणार. आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणारं असतं तर मेल तिथून परत उतरले असते. पण खातं काढताना ‘मेसेज डेटा काढा’ या चौकोनात खूण केली नसेल, तर मेल कॉम्प्युटरवरच आहेत. हेल्पमधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतं ते फोल्डर उघडा. त्यातल्या ‘मेल’ फोल्डरमध्ये जुन्या सर्व्हरच्या नावाचं फोल्डर असेल, आणि आत ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे काही एक्स्टेन्शन नसलेली मोठी फाइल. थंडरबर्ड बंद करून तिची कॉपी शेजारच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये वेगळ्या नावाने ठेवा आणि परत सुरू करा. जीमेलच्या ‘ऑल मेल’मध्येही एकदा शोधा. ‘इनबॉक्स’ फाइल सापडली नाही तर प्रोफाइल फोल्डरमध्ये काय काय दिसतंय ते इथे लिहा, आणि तोवर त्या फोल्डरमधलं काहीही पुसू नका.