‘नुसतं खेळायला कशाला पाठवायचं?’ या मेसेजला एका बालवाडीताईचं उत्तर

जून महिना लागला की हा मेसेज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतोच. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या दिरांकडून. सार एवढंच: बालवाडीत आठवडाभर नुसता खेळ चालतो, तिसऱ्या वर्षी हातात पेन्सिल दिली नाही तर पोरगं मागे पडतं, मैत्री काय, गल्लीतही होते, हे सगळं विलायती फॅड आहे, आपण कुठे बालवाडीत गेलो होतो, आणि फी मात्र बघा! मी नाशिकला अकरा वर्षं बालवाडीत शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात जे घडलं, त्यावरूनच बोलते.

‘नुसता खेळ.’ सोमवारी परातीत चिंचोके ओतले. एक पठ्ठ्या धडाधड वीसपर्यंत म्हणून मोकळा झाला. घरी यावर टाळ्या पडतात. म्हटलं, ‘मला चार दे बरं.’ त्याने मूठभर चिंचोके माझ्या हातावर ठेवले. आकडे पाठ होते, मोजणं नव्हतं. मग डब्याच्या वेळी वाट्या मांडायचं काम रोज त्यालाच दिलं. गुरुवारी एक वाटी कमी पडली. माझ्याकडे न येता तो परत फिरला, एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजत गेला आणि कपाटातून नेमकी एकच वाटी घेऊन आला. हे वहीत कुठेच उमटलं नाही, त्यामुळे घरी विचाराल तर ‘आज खेळलो’ एवढंच सांगेल.

‘तिसऱ्या वर्षी पेन्सिल.’ मनगटात आठ बारकी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली साधारण तीनच दिसतात, बाकीच्यांची अजून कूर्चाच (मऊ, लवचीक ऊती) असते. अशा हाताला चार रेघांत ‘अ’ बसवायला लावलं की पोर पेन्सिल मुठीत आवळून धरतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. म्हणून आधी शाडू मळायचा, मणी ओवायचे, कागद फाडून चिकटवायचा. हा माझा लहरी हट्ट नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिलीचं वय सहा ठेवलंय, आणि 2022 च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यातही भर खेळातून शिकण्यावरच आहे. फिनलंडमध्ये तर शाळा सातव्या वर्षी सुरू होते.

‘मैत्री गल्लीतही होते.’ होते की! पण कुठल्या गल्लीत? आमच्या वर्गात धुळ्याकडून नवी मुलगी आली, घरी अहिराणी बोलणारी. मंगळवारी भातुकलीतल्या एकुलत्या एका कढईवरून तिची आणि वर्गातल्या दादा पोराची जुंपली. ती ओरडली, ‘मन्हं शे!’ (माझं आहे!) सगळे हसले. तिने कढई टाकली आणि दाराजवळ जाऊन बसली. मी लगेच मध्ये पडले नाही. (पडले असते, तर कढई एकाला आणि रडं दुसऱ्याला मिळालं असतं.) नंतर गोलात बसल्यावर तिलाच विचारलं, ‘शे’ म्हणजे काय गं? तिने सांगितलं. मग एकेकाला चेव आला: चप्पल मन्हं शे, डबा मन्हं शे. बुधवारी दादा पोराने कढई स्वतःहून पुढे सरकवली, पण अट घातली, पोहे तो करणार आणि ती वाढणार. शुक्रवारी दोघांचं पुन्हा वाजलं. या वेळी ती दाराकडे गेली नाही, तिथेच उभं राहून भांडली. मला त्याचाच जास्त आनंद झाला.

गल्लीत मोठी पोरं लहानाला ‘कच्चा लिंबू’ ठरवून मोकळी होतात. वर्गात सगळे एका वयाचे, वस्तू कमी आणि शेजारी एक मोठं माणूस बसलेलं. हा मेळ मुद्दाम घालावा लागतो.

‘विलायती फॅड.’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. इटलीच्या माँटेसरीबाईंचा प्रभाव होता, नाकारत नाही. पण गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला तो गुजरातेत, भावनगरला. ताराबाई 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, 1957 मध्ये जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे यांवर शिकवलं. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती ही. केंद्र सरकारची अंगणवाड्यांची योजना आली नंतर, 2 ऑक्टोबर 1975 ला. माझ्या परातीतले चिंचोके विलायतेहून नाही, कोसबाडहून आलेत.

‘आपण कुठे गेलो होतो?’ नव्हतो गेलो. पण वाड्यात सहा चुलतभावंडं होती, निवडायला धान्याचं सूप होतं आणि दुपारभर कुणी हाक मारत नव्हतं. दोन खोल्यांत एकटं मूल आणि एक मोबाइल, हे तेव्हा कुठे होतं?

फीचं मात्र मेसेज लिहिणाऱ्याला शंभर टक्के मान्य. काही ठिकाणी पैसे घेतात नाचगाण्याच्या गॅदरिंगचे आणि मुलांना बसवतात टीव्हीपुढे. प्रवेश घेण्याआधी एकदा साडेदहाच्या सुमाराला न कळवता जाऊन दाराशी उभे राहा. वर्ग चिडीचूप असेल आणि मुलांच्या नखांत माती दिसत नसेल, तर फॉर्म न भरता परत या.