सतीश धवन नम्र होते म्हणून मोठे झाले? आधी तारखा बघा

१० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे उपग्रह सोडणारं रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. १८ जुलै १९८० ला यश मिळालं, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं. प्रसंग खरा आहे. तो सांगून दिला जाणारा सल्ला मात्र टिकत नाही: ‘नम्र राहा, नम्र नेता सगळ्यांना आवडतो; काही मागू नका, पद आपोआप चालत येईल.’

‘पद चालत येईल.’ धवन १९६२ पासून भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते, १९७२ पासून इस्रोचे अध्यक्ष. म्हणजे पद आधी, प्रसंग नंतर. खुर्ची भक्कम असली की दोष अंगावर घेणं परवडतं. प्रोबेशनवरच्या टीम लीडने तेच केलं तर तो दोष त्याच्याच नावावर राहतो. १९८१ मध्ये धवनांना पद्मविभूषण मिळालं, पण खुर्ची तीच. करिअर पुढे सरकलं ते कलामांचं: १९८१ ला पद्मभूषण, १९८२ ला हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचं संचालकपद.

‘काही मागू नका.’ धवनांनी चक्क मागितलं होतं! इस्रोचे संस्थापक विक्रम साराभाई यांच्या निधनानंतर इंदिरा गांधींनी इस्रो सांभाळायला बोलावलं, तेव्हा त्यांच्या दोन अटी होत्या: विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही आणि मुख्यालय बंगळूरलाच हवं. दोन्ही मान्य झाल्या.

‘नम्र नेता सगळ्यांना आवडतो.’ चीनमधल्या ११ आयटी कंपन्यांतल्या ७२ टीमचा २०१८ चा अभ्यास वेगळं सांगतो. साहेब-हाताखालचे हे अंतर न मानणाऱ्या टीममध्ये नेता नम्र असला की माहितीची देवाणघेवाण वाढली. अंतर मानणाऱ्या टीममध्ये उलट लोकांना मोकळेपणाने बोलणं असुरक्षित वाटू लागलं. आपली बरीच ऑफिसं दुसऱ्या प्रकारची. तिथे नम्र नेत्याने नुसतं ‘मला माहीत नाही’ म्हणून थांबू नये. आकडे कोण आणणार आणि निर्णय कोणत्या दिवशी देणार, हेही त्याच दमात सांगावं.

या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान होतं सेल्फ-अप्रेझलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाचा आढावा स्वतः लिहिताना. ‘टीमने केलं’ एवढंच लिहिलं, तर बढतीच्या बैठकीत तुमच्या वरिष्ठांकडे तुमच्याबद्दल बोलायला काही उरत नाही, आणि त्या बैठकीत तुम्ही नसता. प्रत्येक कामामागे तीन वाक्यं पुरतात: मी कोणता निर्णय घेतला, काम कोणी केलं (नावानिशी), आकडा कितीने बदलला. पहिलं गाळलं तर बढती अडते. दुसरं गाळलं तर पुढच्या वेळी टीम जीव तोडून काम करत नाही.